ऐनवेळचे विषय

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीची विषयपत्रिका मला आजही झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवता येईल. विषय १, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय २, जमाखर्चास मंजुरी देणे. मग गळकं छप्पर, पाण्याची टाकी, इन्व्हर्टरची बॅटरी. आणि अगदी तळाशी, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. तिथवर पोचेपर्यंत चहा आलेला असे, अध्यक्षांना पुढच्या कार्यक्रमाचे फोन सुरू झालेले असत आणि कुणी ना कुणी हजेरीच्या वहीवर सही करून गाडीची किल्ली हातात घेतलेली असे. रुग्णांबद्दल काही बोलायचं असलंच तर त्या तळाच्या ओळीत बोलायचं. समितीच्या नावात रुग्ण पहिला, विषयपत्रिकेत शेवटचा.

वर्षानुवर्षं मला यात काही वावगं दिसलं नाही. इतिवृत्त बऱ्याचदा मीच लिहीत असे. 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द हाताला इतके बसले होते, की एकदा घरच्या किराणाच्या यादीखालीही तेच लिहून बसले.

मी पनवेलची. १९८६ साली एएनएम म्हणून जिल्हा परिषदेत लागले, पुढे आरोग्य सहाय्यिका झाले आणि २०२२ मध्ये निवृत्त झाले. लागले तेव्हा जुनी माणसं रायगडला अजून कुलाबाच म्हणत. सगळी नोकरी पनवेल आणि आजूबाजूच्या तालुक्यांत झाली. पनवेल तालुक्यात जिल्हा परिषदेची ५ प्राथमिक आरोग्य केंद्रं : नेरे, वावंजे, आजिवली, आपटा आणि गव्हाण. मुंबईकडून येणाऱ्याला पनवेल दिसतं ते खारघर-कामोठ्याचे टॉवर, कळंबोलीचा ट्रकांचा तळ आणि द्रुतगती मार्गाचं तोंड. आम्हाला दिसायचं ते नेऱ्याच्या पुढे, माथेरानच्या पायथ्याला चिकटलेल्या ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या. दोन्हींमध्ये मोटारसायकलीने तासाभराचं अंतर. पुढे लिहिलंय ते नेमकं कुठल्या केंद्रातलं, हे सांगत नाही. त्यातल्या चुकांत माझाही वाटा आहे, आणि बाकीच्या वाटेकऱ्यांनी मला नावं छापायची परवानगी दिलेली नाही.

लोकांना विचारून दवाखाना चालवावा ही कल्पना नवी नव्हे. गावोगावी आरोग्य समित्या असाव्यात असं भोर समितीने १९४६ सालीच सुचवलं होतं. १९७८ च्या अल्माआटा जाहीरनाम्यात लोकसहभागाचा उच्चार आहे. आमच्यापर्यंत ती पोचली ती राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर. १२ एप्रिल २००५ ला अभियान सुरू झालं आणि त्यामागून आशा कार्यकर्त्या आल्या, गावच्या आरोग्य समित्या आल्या, केंद्राला रुग्ण कल्याण समिती आली. निधीही आला. सुरुवातीच्या काळात केंद्राच्या समितीला वर्षाला १ लाख, देखभालीचे ५० हजार, अबंधित २५ हजार. गावाच्या समितीला १० हजार. ज्या केंद्रात बल्ब बदलायला अलिबागच्या जिल्हा कार्यालयाच्या मंजुरीची वाट बघायची, तिथे ही मोठीच चैन होती. खर्च लोकांना विचारून करायचा, एवढीच अट.

म्हणून आम्ही विचारायला निघालो.

एका कातकरीवाडीत मी फॉर्म घेऊन सकाळी अकराला पोचले. दिवाळी उलटून गेली होती. ज्यांना विचारायचं ती माणसं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर गेलेली. वाडीत एक म्हातारी, चार पोरं आणि कोंबड्या. म्हातारीला मी विचारलं, दवाखान्याबद्दल काय वाटतं? ती माझ्या हातातल्या कागदांकडे बघत म्हणाली, "लिवून नेतात सगली, बाय. परत कोन येत नाय." मग तिने बोटं मोजली. शिरगणतीवाला मास्तर येऊन गेला. कुठल्या संस्थेची पोरगी येऊन गेली. कॉलेजची पोरं आली, फोटो काढून गेली. धरणवाले आले. "आता तू."

मी हसले, फॉर्म भरला आणि परत आले. तो फॉर्म कुठल्यातरी कपाटात अजून असेल. त्यावर 'लाभार्थी समाधानी' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

पुढे आमच्याकडे एक तरुण वैद्यकीय अधिकारी आले. त्यांनी ते फॉर्म चाळले आणि विचारलं, "सिस्टर, सगळेच समाधानी आहेत, तर बाळंतपणाला येत का नाहीत?" मी नेहमीचं उत्तर दिलं : अज्ञान, अंधश्रद्धा, भगत. डॉक्टर म्हणाले, "ते घरी असतील तेव्हा जाऊ या." माणसं घरी कधी असतात, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर आशाला विचारावं लागलं. भादव्यात, रात्री जेवणं झाल्यावर, भट्टीला जायच्या आधी, असं तिने सांगितलं.

तसेच गेलो. ठाकरवाडीतल्या समाजमंदिराच्या ओट्यावर एक दिवा. पहिला तासभर पुरुषच बोलले : रस्ता, रेशन, खांबावरची लाइट. बायका मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. डॉक्टरांनी पुरुषांना पाय मोकळे करून यायला सांगितलं, तेव्हा कुठे एकजण बोलली. पनवेलच्या बाजारात रस्त्याकडेला बसून टाकळा, करटोली, काकड्या विकणाऱ्या ज्या बाया तुम्ही पाहता, त्यांतली ती एक. पहिल्या एसटीने पाटी घेऊन निघते, माल संपला की परतते, वाडीत पाय ठेवायला दीड वाजतो. आमची बाह्यरुग्ण तपासणी सकाळी साडेआठ ते साडेबारा. संध्याकाळची चार ते सहा होती, पण सहाला सुटून वाडीवर परतायला गाडी नव्हती. ती म्हणाली, "तुमचा दवाखाना आमी बंदच बघितलाय."

आम्ही ज्याला अज्ञान म्हणत होतो, ते एसटीचं वेळापत्रक होतं.

सरकारी वेळ बदलणं आमच्या हातात नव्हतं. पण गरोदर मातांची तपासणी बुधवारी दुपारी दोनला ठेवायला कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती माझी, कारण माझी जेवणाची वेळ जात होती. पहिल्या बुधवारी तिघी आल्या, त्यातल्या दोघी नुसतं बघायला. पावसाळा संपेपर्यंत बाकड्यावर जागा पुरेनाशी झाली.

त्याच बैठकीत पुरुष परत आल्यावर एकाने सापाचा विषय काढला. आमच्या भागात फुरसं आणि मण्यार नेहमीचेच. भातकापणीत हमखास कुणाला तरी चावतात. लस केंद्रात होती, रजिस्टरला शिल्लकही दिसायची. पण कपाटाची किल्ली औषधनिर्मात्याकडे आणि तो मुक्कामाला पनवेलला. तो माणूस अगदी शांतपणे म्हणाला, "साप काय दवाखान्याचा टाइम बघून चावतो?" सगळे हसले. मी हसू शकले नाही. लस असूनही पुढे पाठवलेल्या माणसांच्या चिठ्ठ्यांवर 'उपलब्ध नाही' असं आम्ही लिहिलेलं मला आठवत होतं. दुसऱ्या आठवड्यात लशीच्या कुप्या रात्रपाळीच्या सिस्टरच्या ताब्यातल्या आणीबाणीच्या ट्रेमध्ये आल्या. खर्च शून्य. समितीच्या १ लाखाला हात लावावा लागला नाही. कपाटावर नवीन कुलूप लावायचा विषय मात्र त्याआधीच्या सभेत आम्ही सर्वानुमते मंजूर केलेला होता.

आता माझ्याबद्दल. पुढच्या एका बैठकीत, कातकरीवाडीत, एक पोरगी बोलली. दवाखान्यात आम्हाला बाजूला उभं करतात, म्हणाली. एक सिस्टर सगळ्यांसमोर ओरडते, अंघोळ करून येत जा म्हणून. मी खाली मान घालून टिपण घेत होते. मान वर केली तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती.

त्या वाडीची विहीर शिमग्यानंतर आटते. मग बायका लांबच्या ओढ्यात झरे खणून वाटीवाटीने पाणी भरतात. हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. त्या विहिरीत जंतुनाशक टीसीएल पावडर टाकल्याच्या नोंदी तपासून मीच सही करायचे. 'पाणी नाही' असा शेरा पाहून मीच त्या महिन्याचा रकाना मोकळा सोडायचे. एकाच बाईच्या हातात दोन वह्या होत्या आणि तिला त्या कधी जोडून वाचता आल्या नाहीत. त्या रात्री मी माफी मागितली नाही, धीर झाला नाही. बुधवारच्या तपासणीला ती पोरगी आली तेव्हा तिला खुर्ची दिली. तिने ती घेतली नाही, खालीच बसली. खुर्चीवर बसायला तिला पुढचे तीन बुधवार लागले.

दरम्यान राज्यात वेगळंच काही सुरू झालं होतं. अभियानाच्या अंतर्गत २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या ५ जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. राज्यपातळीवर पुण्याची 'साथी' संस्था ते काम बघत होती. पुढे रायगडसह आणखी जिल्हे त्यात आले. पद्धत सोपी. गावातल्या लोकांनी स्वतः उपकेंद्राला, प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि ग्रामीण रुग्णालयाला गुण द्यायचे : चांगलं असेल तर हिरवा, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. मग ते प्रगतिपुस्तक घेऊन जनसुनावणीला यायचं आणि अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर उत्तरं द्यायची.

अशा एका जनसुनावणीला मला पाठवलं होतं, दुसऱ्या तालुक्यात. आम्ही खुर्च्यांवर, समोर सतरंजीवर माणसं. एक बाई उठली आणि तिने बाहेरून आणायला लावलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, दुकानाच्या पावत्यांसकट, टेबलावर मांडल्या. रागाने माझे कान तापले. आमची रिक्त पदं कोण मोजणार? आम्ही पंधरा-पंधरा गावं फिरतो ते कोण लिहिणार? चहाच्या वेळी मी हे संस्थेच्या एका कार्यकर्त्याला ऐकवलं. तो म्हणाला, "ताई, हेच माइकवर बोला ना. रिक्त पदांचा ठराव लोक करतील." आणि खरंच झाला. आमच्या संघटनेने निवेदनांवर निवेदनं देऊन जे मिळवलं नव्हतं, त्यासाठी सतरंजीवरची माणसं हात वर करत होती. पदं काही लगेच भरली गेली नाहीत. पण आपण कुणाच्या बाजूला बसलोय, हा प्रश्न मी त्या दिवशी घरी घेऊन आले.

जिल्ह्यातली जुनी माणसं यावर हसतील, कारण हे सगळं आमच्या उंबऱ्यावर आधीच घडून गेलं होतं. सत्तरच्या दशकात जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याच्या परिसरात गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. गावातली बाई गावाचं आरोग्य बऱ्यापैकी सांभाळू शकते, हे त्या बायकांनी करून दाखवलं. तेच स्थानिक पुढाऱ्यांना खुपलं आणि काम थांबलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दवाखाना बांधण्याआधी आदिवासींना विचारलं, कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, आमच्या घरांसारखा बांधा, नातेवाइकांना राहता येऊ दे, असं उत्तर आलं. म्हणून शोधग्रामचा दवाखाना गोंडांच्या गावासारखा आहे आणि त्याला नाव दंतेश्वरी देवीचं आहे. ब्राझीलमध्ये तर १९९० च्या कायद्याने आरोग्य परिषदांत सेवा घेणाऱ्यांचं प्रतिनिधित्व बाकी सगळ्यांच्या बरोबरीचं, म्हणजे निम्मं, ठेवलं आहे. आमच्या समितीत निम्मं कुणाचं होतं ते मी सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की वाडीवरची बाई त्या खोलीत येत होती ती चहाचे कप घेऊन.

पण या सगळ्यात मला ज्याने खरं शिकवलं तो प्रसंग यशाचा नाही.

चार वाड्यांनी मिळून उपकेंद्र मागितलं. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष. बिगर-आदिवासी भागात ५,०००. चारही वाड्या एकत्र केल्या तरी हिशेब जुळत नव्हता. आमच्या खात्यात अशा वेळी द्यायचं एक तयार उत्तर असतं : "प्रस्ताव पाठवलाय." हे उत्तर खोटं नसतं. प्रस्ताव खरोखरच पाठवलेला असतो. तो परत येणार नाही हेही खरोखरच ठाऊक असतं. या उत्तरावर एक अधिकारी आरामात तीन वर्षं काढतो आणि बदली होऊन जातो.

डॉक्टर म्हणाले, आपण जाऊन 'नाही' सांगू. मला ते पटलं नाही. नसतं दुखणं कशाला ओढवून घ्यायचं? तरी गेलो. डॉक्टरांनी निकष सांगितला, लोकसंख्या मोजून दाखवली, होणार नाही असं स्पष्ट सांगितलं. ओट्यावर गलका झाला. एकजण उठून गेला. मतं मागायला येता तेव्हा कशी मोजता, असंही कुणी विचारलं. आम्ही मतं मागायला कधीच गेलो नव्हतो, पण सरकार म्हणजे त्यांच्या लेखी एकच माणूस. मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

नंतर भाजीवालीनेच तोंड उघडलं. उपकेंद्र नाही तर नाही, म्हणाली. पण बाळंतीण झोळीत घालून आम्ही खाली रस्त्यापर्यंत आणतो, तिथे गाडी उभी राहते का? कुठे उभी राहील ते ठरवा. आणि आमच्या वाडीत रेंज नाही, तर फोन कोण करील तेही ठरवा. अर्ध्या तासात ठरलं : कुठल्या वडाखाली, कुठल्या टेकाडावर रेंज येते, तिथवर कोण धावेल, आशाचा नंबर नाही लागला तर दुसरा कुणाचा. २०१४ मध्ये १०८ ची गाडी सुरू झाली तेव्हा आमच्याकडे जागा आधीच ठरलेली होती. 'प्रस्ताव पाठवलाय' म्हणून आलो असतो तर ती माणसं उपकेंद्राची वाट बघत बसली असती आणि वडाचा विषय निघालाच नसता.

त्या रात्री परतताना म्हातारीचे शब्द मला नव्याने समजले. 'लिवून नेतात' ही तिची तक्रार नव्हतीच. तक्रार होती ती 'परत कोन येत नाय' ही. सगळा लोकसहभाग आम्ही विचारण्यापाशी आणून संपवला होता : फॉर्म, सभा, सह्या, फोटो. सांगितलेल्याचं काय झालं हे सांगायला परत जाणं कुठल्याच परिपत्रकात नव्हतं, आणि त्याला भत्ताही नव्हता.

परत जाण्याची किंमत करोनात कळली. पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय २०२० मध्ये कोविड रुग्णालय झालं आणि वाड्यांवर बातम्या पोचल्या त्या भलत्याच. पुढच्या वर्षी लस घेऊन गेलो तेव्हा काही वाड्यांत माणसं आमची गाडी पाहून रानात निघून गेली. ज्या वाड्यांत आम्ही 'नाही' सांगायलाही गेलो होतो, तिथेही लगेच कुणी दंड पुढे केला नाही. पण तिथली माणसं पळाली नाहीत. बसली, वाद घातला, ताप आला तर भट्टीवरची मजुरी कोण देणार ते विचारलं. ज्याच्याशी वाद घालता येतो, त्याच्याकडून लसही कधीतरी घेता येते.

आता पनवेल बदललंय. १ ऑक्टोबर २०१६ ला महानगरपालिका झाली, २९ गावं तिच्यात गेली, विमानतळ सुरू झाला. उपकेंद्रांवरच्या पाट्याही बदलल्या. आधी 'आरोग्यवर्धिनी', आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर'. त्यांच्यासाठी जन आरोग्य समित्याही निघाल्या आहेत. वसाहतीतल्या माणसाला दवाखान्यात पंखा बंद दिसला तर तो फोटो काढून नगरसेवकाच्या ग्रुपवर टाकतो आणि संध्याकाळपर्यंत उत्तर मिळतं. माथेरानच्या पायथ्याला तक्रार करायची तर आधी रेंजच्या टेकाडावर चढावं लागतं. त्यामुळे नव्या समित्यांचंही काय होईल, ते त्यांच्या विषयपत्रिकेत तळाच्या ओळीवर कोण आहे त्यावर ठरेल.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या समितीची विषयपत्रिका आम्ही एका ओळीने बदलली. इतिवृत्त कायम करून झालं की लगेच, जमाखर्चाच्या आधी, विषय २ : 'मागील बैठकांत लोकांनी काय सांगितले व त्याचे काय झाले.' त्या ओळीखाली 'झाले नाही' असंही अनेकदा लिहावं लागलं. पण ते लिहिताना कारण लिहावं लागे, आणि ते कारण वाडीवर जाऊन कोण सांगणार त्याचं नावही.

हे वाचणाऱ्याच्या गावालाही एक आरोग्य केंद्र असेल आणि त्या केंद्राला समिती असेल. केसपेपर काढायला जाल तेव्हा खिडकीत विचारा : समितीत कोण कोण आहे, पुढची सभा कधी आहे, मागच्या सभेत ठरलेल्याचं काय झालं? पहिल्या वेळी उत्तर मिळणार नाही. पुढच्या आठवड्यात परत जा. परत जायला आम्हाला फार उशीर झाला. तुम्ही आमची वाट बघत बसू नका.